स्प्रिंगचा रेजिस्टन्स

अण्णाच्या दुकानात इलकली लुगड्याचा एक पडदा होता. त्या पडद्याचा मला आजही राग येतो, आणि राग आला की माझा हात पक्का होतो, म्हणून तो राग घालवायचा प्रयत्न मी कधी केला नाही. हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत माझ्या थोरल्या भावाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं काउंटर, काउंटरमागं अण्णा, अण्णामागं आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा, आणि पडद्यामागं टेबल, दिवा, सोल्डरिंग आयर्न आणि मी. मी तेव्हा हुबळीलाच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. वर्ग सुटला की दुकानात यायचं आणि अंधार पडायच्या आत अण्णाबरोबर धारवाडची बस धरायची, असा नेम. गिऱ्हाईक सेट घेऊन आलं की अण्णा तो उलटासुलटा करून बघायचा, "हं" म्हणायचा आणि आत आणून माझ्यापुढं ठेवायचा. दुरुस्त झालेला सेट परत देताना "जरा किचकट होतं बघा" असं सांगायचा. किचकट कुणाला होतं ते सांगत नसे. पोरीनं हात लावलेला सेट म्हटल्यावर लोक बिचकतील, असं आमच्या वडिलांचं, अप्पांचं म्हणणं. पडद्याची कल्पनाही त्यांचीच. मला त्या वयात त्यात गंमत वाटायची, कारण काम करायला मिळत होतं आणि त्यापलीकडं मी बघत नव्हते.

घर आमचं धारवाडला, केलगेरीच्या रस्त्यावर. अप्पा कोर्टात शिरस्तेदार होते. उंबऱ्याच्या आत मराठी, पायरी उतरली की कन्नड. आमची सकाळ व्हायची ती शेजारच्या गिरिजक्काच्या रोट्टीच्या आवाजानं. ती खानावळींना ज्वारीच्या रोट्ट्या करून द्यायची. उजव्या तळव्याची ती थपथप भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात यायची, मध्येच परात सरकल्याचा आवाज, की पुन्हा थपथप. आई त्या आवाजावर चहा टाकायची. कधीमधी गिरिजक्का गरम रोट्टी परसातल्या भिंतीवरून द्यायची, आणि मी ती कारळ्याची चटणी आणि दही लावून उभ्या उभ्या खायची. आईच्या भाकरीला ती सर नव्हती, हे आईसमोर बोलायची सोय नव्हती. आमच्या घरचा धर्म एकच होता: जाड ते टिकाऊ आणि टिकाऊ ते चांगलं. आई पिशवीला दुहेरी शिवण घालायची, अप्पा एका दाराला दोन कड्या लावायचे, पाणी तापवायचा बंबसुद्धा आमच्याकडं असा होता की दोघांनी मिळून उचलावा. तुटलं तर ते वाईट, एवढंच आम्हाला माहीत. अण्णा त्याच घरात वाढला, आणि दुकानातही तोच धर्म चालवायचा.

आता रेझिस्टरविषयी सांगते, कारण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही. दुकानात सगळे त्याला रेजिस्टन्स म्हणत. वीज जास्त धावू नये म्हणून तिला अडवणारा हा बारकासा भाग. जळका रेझिस्टर बदलायचा तर आधी तो का जळला ते शोधायचं. त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून त्याचं माप कळतं, पण जळक्याच्या पट्ट्यांवर विश्वास ठेवायचा नाही. तापून लाल पट्टा तपकिरी दिसायला लागतो आणि माप दहापटीनं चुकतं. सेटचा नकाशा मिळत असेल तर नकाशा बघावा, नसेल तर तसाच दुसरा सेट उघडून त्यातला मोजावा. ओहम, म्हणजे अडवायचं माप, तेवढेच हवेत. वॅट, म्हणजे ताप सोसायची ताकद, तेवढे किंवा जास्त, कमी कधीच नाही. मोठा बसवताना त्याचे पाय जरा उंच ठेवावेत, म्हणजे खालचा बोर्ड भाजत नाही. आता माझ्याकडं लोक तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे बोर्ड घेऊन येतात, आणि अशा बोर्डांवर मला पहिल्यांदा दिसतो तो आधीच्या कुणाचा तरी आळस. हाताला लागेल तो रेझिस्टर डकवून दिलेला असतो. अशा वेळी मी घरात एकटीच असले तरी मोठ्यानं बोलते.

"वॅट जास्त चालतात" हा नियम अण्णाला पाठ होता आणि फार आवडायचा. जाड ते चांगलं, हे त्याला पुस्तकातच सापडल्यासारखं झालं होतं. पण त्या नियमाला एक अपवाद आहे. काही रेझिस्टर तुटण्यासाठीच बसवलेले असतात. त्या काळच्या टीव्हीत एक पांढरा, खडूच्या तुकड्याएवढा रेझिस्टर असे आणि त्याच्या पाठीवर एक बारीक स्प्रिंग ताणून शिशाच्या थेंबानं चिकटवलेली असे. पुढं कुठं बिघाड होऊन जास्त वीज ओढली गेली की तो तापायचा, शिसं वितळायचं, स्प्रिंग टणकन उडायची आणि वाट बंद व्हायची. सेट मुका पडे, पण घर शाबूत राहत असे. त्या जागी दुसरा दणकट रेझिस्टर घातला तर तो तुटत नाही. मग जे व्हायचं ते पुढं होतं.

दुसरीही एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना आजही घरातली म्हातारी माणसं इकडंतिकडं बघतात. महिन्यातले तीन दिवस मी बाजूला बसायची. आमच्या माजघरात एका बाजूला पांढरट शहाबादी फरशी होती आणि कोपऱ्यात काळी, खडबडीत. त्या काळ्या फरशीवर चटई, तांब्या, ताट आणि मी. पांढरी-काळी फरशी जिथं मिळते ती रेघ ओलांडायची नाही. कुणी मला शिवायचं नाही, मी शिवलेलं कुणी उचलायचं नाही. चुकून शिवलंच तर अप्पांना पुन्हा अंघोळ. जेवण वरून वाढायचं, द्यायची वस्तू हातभर उंचीवरून माझ्या ओंजळीत टाकायची. कॉलेजला जायला परवानगी होती, कारण कॉलेजात देव नव्हते. दुकानात गणपतीची तसबीर होती, म्हणून दुकान बंद. आजारी असल्यासारखं वागवत, पण आजाऱ्याची कुणी विचारपूस तरी करतं.

धारवाडच्या आसपास टीव्ही दिसायला लागला तेव्हा आमच्या ओळीत पहिला सेट गिरिजक्कानं घेतला. काळा-पांढरा, कुणीतरी वापरलेला, पण तिच्या रोट्टीच्या कमाईचा. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की अर्धी ओळ तिच्या पडवीत. तिचा नवरा शंकरप्पा, बाजारातला हमाल, मोठा अबोल माणूस, सगळ्यांना पाणी द्यायचा. नवरात्र सुरू व्हायच्या सुमारास तो सेट अचानक बंद पडला आणि अण्णानं तो टेम्पोत घालून दुकानात आणला. मी मागचं झाकण काढलं तर स्प्रिंग उडालेली. मी अण्णाला बोलावून दाखवली. त्याच्या पुढचा एक कपॅसिटर गळत होता, कधी नीट, कधी बिघडलेला, तोही दाखवला. शिवाय कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली होती, तीही. म्हटलं, हे तिन्ही नीट झाल्याशिवाय सेट द्यायचा नाही, आणि स्प्रिंगवाला आपल्याकडं नाही, बेंगळूरहून मागवावा लागेल.

"दसऱ्याला देतो म्हणून सांगितलंय मी," अण्णा म्हणाला.

"दसऱ्यानंतर दे की. तुटायचा आहे तोच लागतो बघ तिथं."

"तुटणारी वस्तू मुद्दाम घालायची? कुठलं शास्त्र गं हे?" असं म्हणून तो हसला आणि बाहेर गेला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं बेंगळूरला कळवलं, एवढं मात्र खरं. मी निश्चिंत झाले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी बाजूला बसले. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. अण्णा दुकानातली सगळी हत्यारं घरी आणायचा, पाटावर मांडायचा, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. त्या वर्षी त्या पाटावर माझं आयर्न होतं. माझ्या स्कॉलरशिपमधून मी घेतलेलं, लाकडी मुठीचं, मुठीवर माझ्या बोटांचे डाग पडलेलं. मी काळ्या फरशीवरून बघत होते आणि अण्णा त्याला कुंकू लावत होता. मी म्हटलं, माझ्या हत्याराला मी लांबूनच नमस्कार करते. अप्पा म्हणाले, तोंड फिरवून बस, पूजेवर नजर नको. मी तोंड फिरवून बसले. भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माणसाला किती आवाज ऐकू येतात, ते मला त्या दिवशी कळलं. घंटा, आईच्या बांगड्या, नारळ फुटल्याचा आवाज, आणि भिंतीपलीकडं सणाच्या दिवशीही चाललेली गिरिजक्काची थपथप. पूजा आटपून अण्णा हत्यारं घेऊन हुबळीला गेला. दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटत फिरताना त्यानं गिरिजक्काचा सेट परत दिला, वर कुंकवाचं बोट लावून. मी अजून चटईवरच होते. बेंगळूरहून माल आला का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "झालं गं काम, तू कशाला काळजी करालीस." मला वाटलं, आला असेल.

पुढच्या रविवारी सिनेमा अर्ध्यावर आला असताना सेटमधून धूर निघाला. ट्रान्सफॉर्मर पेटला, मागचं प्लास्टिकचं झाकण वितळून टपकायला लागलं आणि शेजारच्या खिडकीच्या पडद्यानं पेट घेतला. पोरंबाळं ओरडत बाहेर पळाली. गिरिजक्का मात्र आत गेली, कारण सासू कॉटवर होती. तिनं सासूला ओढून बाहेर काढलं आणि मग वितळत्या झाकणामागं हात घालून वायर उपसली. उजवा हात. शंकरप्पानं वाळू ओतून आग विझवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात भिंतीतून काहीच आवाज आला नाही, आणि आई चहा टाकायचं विसरली.

त्या संध्याकाळी शंकरप्पा आणि गिरिजक्का आमच्या बैठकीत आले. तिच्या हाताला बँडेज, मनगटापर्यंत. अप्पा खुर्चीवर, अण्णा दाराशी, मी माजघराच्या चौकटीत आणि माझ्यामागं आई. शंकरप्पा भांडायला आला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, दुरुस्त केलेला सेट पेटला कसा, आणि आता हिनं रोट्टी कशी बडवायची. मी अण्णाकडं बघत होते. त्याच्या तोंडावरून मला कळलं की बेंगळूरचा माल आलेलाच नव्हता. दुकानात पडून होता तो दहा वॅटचा साधा रेझिस्टर त्यानं तिथं घातला होता, जाड, दणकट, आमच्या घरासारखा. तो तुटला नाही. कपॅसिटर तसाच गळका राहिला, आणि तांब्याची तारही तुटली नाही. तुटण्याजोगं तिथं काही ठेवलंच नव्हतं, म्हणून सगळी आग पुढं गेली. हे तो सांगेल म्हणून मी थांबले. चूक कुणाची होत नाही? सांगितलं असतं तर मी त्याच्या बाजूनं उभी राहिले असते.

अण्णा म्हणाला, "तो सेट कुंदानं केला. शिकतीय ती अजून. माझी चूक एवढीच की मी तिला हात लावू दिला."

इतकी वर्षं माझ्या हातचं काम पडद्याबाहेर गेलं ते त्याच्या नावानं. पहिल्यांदा माझं नाव बाहेर आलं ते हे असं. मी अप्पांकडं बघितलं. आयुष्यभर कोर्टात साक्षी ऐकलेला माणूस, कोण कुठं होतं आणि कधी होतं याच्यावर ज्यांचं पोट चाललं, त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. आणि प्रश्न विचारायची तरी काय गरज होती? ते दिवस मी कुठं होते हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांनीच मला तिथं बसवलं होतं. मी मागं वळून आईकडं बघितलं. रोज तीनदा तिनं माझ्या ताटात वरून भाकरी टाकली होती. आई जमिनीकडं बघत होती.

तेव्हा मीच बोलले. कन्नडात बोलले, म्हणजे शंकरप्पाला नीट कळावं. म्हटलं, "अण्णानं तो सेट जोडला तेव्हा मी बाजूला बसले होते. खंडेनवमीच्या आदल्या दिवसापासून. मला आयर्नला हात लावायची मुभा नव्हती. आईला विचारा, अप्पांना विचारा. अप्पांनी मला भिंतीकडं तोंड करायला लावलं होतं."

शंकरप्पानं मान खाली घातली. परक्या पुरुषासमोर कुणी पोरगी हे बोलत नसे, त्याच्या घरात नाही आणि आमच्यातही नाही. अण्णाचे कान लाल झाले. त्याचं खोटं उघडं पडलं म्हणून नव्हे, त्याच्या बहिणीनं बैठकीत ती गोष्ट उच्चारली म्हणून. अप्पा म्हणाले, "आत जा. लाज सोडलीस." खोटं बोलणाऱ्याला आत जा म्हणाले नाहीत. फक्त गिरिजक्का माझ्याकडं बघत होती, डोळे बारीक करून. उठताना ती म्हणाली, "हौदु. खरंय. ते तीन दिवस मला ही भिंतीपलीकडं दिसलीच नाही." आणि नवऱ्याला घेऊन गेली.

ती गेल्यावर आई मला म्हणाली, "एवढं मोठ्यानं कशाला बोललीस?"

दुकान मला बंद झालं. अण्णानं आयर्न मात्र परत दिलं, म्हणजे माझ्या पिशवीत न बोलता ठेवून दिलं. अलीकडं एका कार्यक्रमात मी हा प्रसंग सांगितला तेव्हा एक बाई उठून म्हणाल्या, तुम्हीच घराचा तो स्प्रिंगचा रेझिस्टर झालात, स्वतः तुटून घर वाचवलंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना तिथंच सांगितलं की मी कुणाच्या घरासाठी तुटायला जन्मलेली नाही, आणि ते घर वाचवण्यासारखंही नव्हतं. टाळ्या थांबल्या.

पुढच्या महिन्यात गिरिजक्का परसातल्या भिंतीशी आली. हाताचं बँडेज सुटलं होतं, पण तळवा गुलाबी आणि ताठ, मूठ मिटत नव्हती. आत शंकरप्पानं तो जळका सेट पोत्यावर ठेवला होता. दुसरीकडं कुठं न्यायचा विचार आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नीन माड, तंगी. तूच कर, बहिणी. पण माझ्या डोळ्यांसमोर कर." बेंगळूरचा तो पांढरा रेझिस्टर एव्हाना आला होता. अण्णानं तो उघडलाही नव्हता. मी तो अण्णाकडून मागून घेतला, कॉलेजातल्या एका सरांनी जुन्या सेटमधला ट्रान्सफॉर्मर दिला, आणि मी गिरिजक्काला म्हटलं, चार दिवस थांबा. मी हिशेब करूनच बोलले होते.

ज्या दिवशी मी बाजूला बसले, त्या दिवशी सकाळी शंकरप्पानं सेट आणून काळ्या फरशीवर ठेवला. मी आयर्न लावलं. वायर लांब होती, ती मी आदल्या दिवशीच करून ठेवली होती. गिरिजक्का मागच्या दारात पायरीवर बसली. बोर्डाचा एक कोपरा कोळसा झाला होता, रेझिस्टरचे पट्टे ओळखू येत नव्हते. मी नकाशा पसरला आणि एकेक मोजून, निवडून लावायला सुरुवात केली. कपॅसिटर बदलला. तांब्याची तार काढून मापाचा फ्यूज घातला. माजघरात शिशाचा वास सुटला तसे अप्पा आले.

"हे काय मांडलंयस? उचल आधी," ते म्हणाले.

मी मान वर केली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि मग म्हणाले की नाहीतर मी उचलून बाहेर टाकतो.

"टाका की," मी म्हटलं. "पण मी शिवलंय त्याला."

ते रेघेपाशी आले आणि थांबले. कोर्टाची वेळ झाली होती, अंघोळ झाली होती, कपाळावर ताजं गंध होतं. एक पाऊल पुढं टाकायचं, एवढंच. अण्णा त्यांच्यामागं येऊन उभा राहिला, तोही थांबला. त्यांनीच आखलेली रेघ, आणि त्या रेघेमुळं मला त्या घरात पहिल्यांदा कुणी अडवू शकत नव्हतं. गिरिजक्का पायरीवर बसून हसली नाही, पण पदर तोंडाशी धरला.

शेवटी राहिला तो स्प्रिंगचा. मी तो बसवायला घेतला आणि शिशाच्या तारेचं रीळ गुडघ्यावरून निसटून घरंगळत पलीकडं गेलं, पांढऱ्या फरशीवर. माझ्या हातात तापलेलं आयर्न, रीळ अप्पांच्या पायाशी. अप्पांनी ते उचललं नाही. अण्णानंही नाही. मी रेघ ओलांडली असती तर त्यांना हवं तेच झालं असतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली. ओला हात पदराला पुसला, वाकून रीळ उचललं आणि माझ्या ओंजळीत वरून टाकलं, भाकरी टाकावी तसं. अप्पा तिच्याकडं बघत राहिले आणि मग छत्री घेऊन कोर्टात गेले.

सेट लागला. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग चित्र. गिरिजक्काचा हात त्यानंतर वर्षभरानं थोडासा वळायला लागला. थपथप पुन्हा सुरू झाली, पण एका तालात कधीच आली नाही. लोक मला सांगतात, बघ, शेवटी आईनं तुझी बाजू घेतली. आईनं रीळ टाकलं ते मला विसरता येत नाही, हे खरं आहे. पण रीळ मला रेघ ओलांडून आणता आलं असतं. त्या संध्याकाळी बैठकीच्या दारात, गिरिजक्काच्या बँडेजकडं बघत, तिनं तेवढ्याच उंचीवरून, कुंदा तेव्हा बाजूला बसली होती, एवढं एकच वाक्य टाकायचं होतं, आणि ते फक्त तिलाच टाकता येणार होतं.